मदत हवी आहे: कोल्हापुरातल्या वर्डप्रेस मेळाव्यात वादावर सत्र ठेवावं का?

नमस्कार मंडळी,

जानेवारीतल्या एका रविवारी कोल्हापुरात वर्डप्रेसवाल्यांचा (वर्डप्रेस म्हणजे वेबसाइट बनवायचं मोफत सॉफ्टवेअर) मेळावा भरवायचं चाललंय. कॉलेजचं सभागृह तोंडी ठरलंय. येणार कोण, तर विद्यार्थी, घरी बसून साइट्स करणारे आणि दोनचार छोट्या एजन्सीवाले. जेवण, स्टिकर, टीशर्ट होईल हो. घोडं अडलंय ते वर्डप्रेसच्या जगात पेटलेल्या वादापाशी.

सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या वर्डकॅम्पात (वर्डप्रेसच्या अधिकृत मेळाव्यात) वर्डप्रेसचे सहसंस्थापक मॅट मलेनवेग यांनी डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीवर, म्हणजे लोकांच्या साइट्स आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या कंपनीवर, तोफ डागली. मग ट्रेडमार्कपोटी कंपनीकडे तिच्या उत्पन्नाच्या ८ टक्क्यांची मागणी, कंपनीला वर्डप्रेस डॉट ऑर्गवर (प्लगइन आणि अपडेट जिथून मिळतात त्या साइटवर) बंदी, २ ऑक्टोबरला कंपनीचा कॅलिफोर्नियात दावा. इथवर मोठ्यांची भांडणं म्हणून सोडून दिलं असतं. पण १२ ऑक्टोबरला वीस लाखांवर साइट्सवर चालणाऱ्या डब्ल्यूपी इंजिनच्याच एसीएफ प्लगइनचं (साइटला जादा रकाने देणाऱ्या जोडणीचं) तिथलं पान मॅटच्या बाजूने ताब्यात घेऊन त्याचं 'सिक्युअर कस्टम फील्ड्स' केलं गेलं. ऑटो-अपडेट चालू असेल तिथे हे नवं आपोआप बसलं, आणि आमच्याकडच्या कितीतरी जणांचं पोट त्याच प्लगइनवर आहे! डिसेंबरात न्यायालयाच्या अंतरिम आदेशानंतर ते मूळ मालकांकडे गेलं, तरी लोकांच्या मनातली धाकधूक गेलेली नाही.

आता मुख्य प्रायोजक, म्हणजे इथलेच एक होस्टिंगवाले, म्हणतात, "वादाचं नाव काढलंत तर आमचा बॅनर नको." तरुण मंडळींचं उलटं: त्यावर बोलायचं नसेल तर कशाला जमायचं?

माझं मत विचाराल तर सत्र हवंच, पण मॅट बरोबर की चूक यावर नको. प्लगइन रातोरात हातचं गेलं तर क्लायंटची साइट कशी सांभाळायची, बॅकअप, अपडेटवर लगाम, यावर ठेवावं. आणि जीपीएलवर, म्हणजे वर्डप्रेसचा कोड ज्या खुल्या लायसन्सखाली आहे त्यावर. कोड घेऊन वेगळी चूल मांडायला लायसन्सची मुभा आहे, मान्य. पण दुसऱ्याचं पान, त्याच्या वापरकर्त्यांसकट? यावर भांडण होणार, आणि मला तरी ते झालेलं चालेल.

नावाचंही त्रांगडं आहे. 'वर्डकॅम्प' म्हणायचं तर मध्यवर्ती टीमची परवानगी लागते, मग बजेट आणि प्रायोजकही त्यांच्याच नियमांत. स्वतंत्र भरवलं तर डोमेनमध्ये 'वर्डप्रेस' शब्द वापरता येत नाही. 'वेबमेळा कोल्हापूर' कसं वाटतं? जरा सरकारी वाटतंय का?

पुण्या-मुंबईत असे मेळावे भरवलेल्यांनी कृपया सांगा: विषय ठरवण्यात प्रायोजकाची ढवळाढवळ नको, हे पैसे घेण्याआधी लेखी कसं घेता? कुणाकडे तयार मसुदा असेल तर फार बरं होईल. प्रश्नोत्तरांत आवाज चढले तर माइक कुणाच्या हातात ठेवता? आणि पहिल्याच वर्षी परवानगीच्या वाटेला जावं की सरळ स्वतंत्र भरवावं?

सभागृहाची आगाऊ रक्कम पुढच्या आठवड्यात भरायची आहे आणि पावतीवर कार्यक्रमाचं नाव मागतात, म्हणून जरा घाई.