१५ हजारांत वर्गासाठी काय घ्यावं: तयार रोबोटिक्स किट की सुटे भाग? (सहावी ते आठवी)

चोपड्याची_विज्ञानताई

नमस्कार. शाळा जिल्हा परिषदेची, चोपडा तालुका. सहावी ते आठवी मिळून ३८ मुलं. वर्गात ४३ इंची टीव्ही आहे, एक जुना लॅपटॉप आहे (विंडोज १०, ४ जीबी रॅम). इंटरनेट फक्त मोबाईलचं. वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नाही.

हातात १५ हजार रुपये आहेत. एका विक्रेत्याने १४ हजारांचं रोबोटिक्स किट सुचवलंय. त्यात एक गाडी, एक रोबोटचा हात, वीसेक सेन्सर आणि इंग्रजी पुस्तिका. इथे घरोघरी कापूस नाहीतर केळी, ठिबकच्या नळ्या मुलांच्या रोजच्या बघण्यातल्या. म्हणून मातीची ओल मोजणारं यंत्र मुलांच्याच हातून करून घ्यायचं डोक्यात आहे.

किट घ्यावं की सुटं सामान? ओलीचा सेन्सर कोणता? आणि छोटी वस्तू मागच्या बाकावरच्या मुलाला टीव्हीवर दाखवायची तर कॅमेरा विकत घ्यावा लागेल का?

सोल्डरवाला_भुसावळ

राम राम ताई. किट घेऊ नका. एक गाडी म्हणजे दोन मुलं हात लावणार आणि ३६ बघणार. वीस सेन्सरांतले पंधरा वर्षभर पिशवीबाहेर निघत नाहीत. सहा गट करा, प्रत्येक गटाला सारखंच सामान द्या.

माझी यादी, भाव अंदाजे: अर्डुइनो ऊनोच्या (प्रोग्रॅम चढवून चालणारा छोटा सर्किट बोर्ड) धर्तीचे बोर्ड ६ (एक ५०० च्या आसपास), ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग जोडायची भोकांची पाटी) ६, जंपर वायरचे ४० चे संच ३, लाल-पिवळ्या-हिरव्या एलईडी मिळून १००, २२० ओहमचे रेझिस्टर १००, ओलीचे कपॅसिटिव्ह सेन्सर ८ (दोन जास्तीचे, कारण लागतातच), आयटूसी पट्टी (थोड्याच तारांत जोडणी होते) लावलेले १६ बाय २ चे (दोन ओळी, प्रत्येकीत १६ अक्षरं) एलसीडी पडदे ६, साधे डिजिटल मल्टीमीटर ३, पेन्सिल सेल सहा-सहाचे होल्डर ६, आणि एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघराचा वजनकाटा १. हे सगळं आठ-साडेआठ हजारांत बसतं. उरलेले आत्ताच संपवू नका. वायरी तुटतात, एलईडी उडतात, सेल तर महिन्याला लागतात.

लॅपटॉप एकच असला तरी अडत नाही. प्रोग्रॅम एकदा लिहायचा आणि सहाही बोर्डांत एकामागून एक चढवायचा. चढवला की लॅपटॉपचं काम संपलं, आकडा एलसीडीवर दिसतो. ४ जीबी रॅमवर अर्डुइनोचं नवं २ नंबरचं सॉफ्टवेअर रडतखडत चालतं, जुनं १.८.१९ टाका. एलसीडीची लायब्ररीसुद्धा (पडदा चालवणारा तयार कोड) घरूनच डाउनलोड करून न्या.

पहिल्या दिवशी काय अडेल ते सांगतो.

लॅपटॉपला बोर्ड दिसतच नाही: स्वस्त बोर्डांवर सीएच ३४० नावाची चिप असते, तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो. ड्रायव्हर टाकूनही दिसत नसेल तर केबल बदला. मोबाईलच्या बऱ्याच स्वस्त केबलींत चार्जिंगच्या दोनच तारा असतात, डेटाच्या नसतात. ऊनोऐवजी छोटा नॅनो घेतला असेल आणि प्रोग्रॅम चढता चढत नसेल, तर प्रोसेसरच्या यादीत 'ओल्ड बूटलोडर' निवडा.

एलसीडी उजळतो पण अक्षर उमटत नाही: मागच्या पट्टीवर निळा चौकोनी ठोकळा असतो. त्यातला स्क्रू बारीक स्क्रूड्रायव्हरने हळूहळू फिरवा, कॉन्ट्रास्ट त्यानेच जमतो. नुसते चौकोन दिसले तर पत्ता चुकलाय. प्रोग्रॅममध्ये २७ आहे तिथे ३एफ टाकून बघा (दोन्हीच्या आधी शून्य-एक्स हवंच). जोडणी: पट्टीची एसडीए पिन बोर्डाच्या ए४ ला, एससीएल ए५ ला.

बोर्ड पॉवर बँकेवर लावला की अर्ध्या मिनिटात बंद: तो बिघाड नाही. बोर्ड जेमतेम ५० मिलिअँपियर ओढतो, पॉवर बँकेला वाटतं मोबाईल फुल्ल झाला, ती झोपते. म्हणून यादीत सेलचे होल्डर आहेत. सहा पेन्सिल सेल म्हणजे ९ व्होल्ट, ते बोर्डाच्या गोल जॅकमध्ये. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मात्र नको. तिची क्षमता फारच थोडी, एलसीडी लावला की लवकर मान टाकते.

मल्टीमीटरबद्दल एकच गोष्ट, पण आल्या आल्या करा. १० अँपियरचं जे वेगळं भोक असतं त्यावर चिकटपट्टी मारून टाका. स्वस्त मीटरमध्ये त्या वाटेवर फ्यूज नसतो. लाल पिन तिथेच राहिली आणि मुलाने बॅटरीचा व्होल्टेज बघायला टोकं टेकवली, तर ते सरळ शॉर्टसर्किट.

काळीमाती_शिरपूर

ओलीच्या सेन्सरबद्दल लिहितो, कारण नव्वद टक्के शाळा इथेच फसतात.

बाजारात दोन प्रकार. पहिला दोन उघड्या पायांचा, काट्याच्या चमच्यासारखा. तो मातीतून वीज जाऊ देऊन रोध मोजतो. सतत वीज चालू राहिली तर एका पायावरचं तांबं विद्युत अपघटनाने झडतं, काही आठवड्यांत पाय काळा पडून निकामी. शिवाय खत टाकलं किंवा पाणी खारं असलं की तीच ओल जास्त दाखवतो. मुलांना अपघटन दाखवायला एक घ्या, मोजायला नको. दुसरा कपॅसिटिव्ह, एकाच चपट्या पट्टीचा, वर लेप असलेला. तो घ्या.

पट्टीवर एक आडवी रेघ असते, तिच्या खालचाच भाग मातीत जायला हवा. वरच्या भागात इलेक्ट्रॉनिक्स उघडं असतं, पाणी लागलं की गेलं. कडा कापलेल्या असतात, तिथून पट्टीत हळूहळू पाणी शिरतं आणि आकडे सरकायला लागतात. वापरण्याआधी चारही कडांना नेलपॉलिशचे दोन हात द्या, मध्ये वाळू द्या.

काही लॉटमध्ये सेन्सर पाण्यातून काढून पुसला तरी आकडा मिनिटं-मिनिटं तसाच रेंगाळतो. पट्टीवरच्या एक मेगाओहमच्या रेझिस्टरचं टोक जमिनीला, म्हणजे ग्राउंडला जोडलेलंच नसतं. मल्टीमीटर २००० के वर (रोधाच्या २००० किलोओहमच्या खुणेवर) ठेवून आउटपुट आणि ग्राउंडमध्ये मोजा. हजाराच्या आसपास आलं तर ठीक. काहीच आलं नाही तर त्या दोन टोकांत बाहेरून एक मेगाओहमचा रेझिस्टर जोडा, रोग बरा.

आता खरं काम. सेन्सर टक्के सांगत नाही, नुसता आकडा देतो, आणि तो ओलीच्या उलटा चालतो: हवेत साधारण ५०० ते ६००, पाण्यात २५० ते ३००. बहुतेक जण हवा म्हणजे ० आणि पाणी म्हणजे १०० धरून मधली सरळ रेघ मारतात. माती अशी वागत नाही. मुलांकडून तक्ता बनवून घ्या:

मुलांच्या शेतातली काळी माती आणा. ढेकळं मोगरीने फोडा, पिठाच्या जाड चाळणीने चाळा, कागदावर पातळ पसरून कडक उन्हात तीन दिवस वाळवा. (भारी मातीत तरीही थोडी ओल उरतेच. वर्गासाठी चालतं, पण तक्त्याखाली तशी टीप लिहायला लावा.) पाच पिशव्यांत प्रत्येकी ५०० ग्रॅम माती घ्या. पहिलीत पाणी नाही, पुढच्यांत ५०, १००, १५० आणि २०० मिली. म्हणजे ०, १०, २०, ३०, ४० टक्के, वाळल्या मातीच्या वजनावर. कालवा, पिशवीचं तोंड घट्ट बांधा आणि रात्रभर ठेवा. ही रात्र टाळू नका. चिकण माती पाणी सावकाश शोषते, लगेच मोजलं तर एका जागी चिखल आणि दुसऱ्या जागी धूळ.

सकाळी सारख्या आकाराच्या पाच बरण्यांत भरा. आठ सेंटिमीटर व्यासाच्या बरणीत ५०० ग्रॅम माती साधारण आठ-नऊ सेंटिमीटर येते. बरणीवर रेघ मारून पाचही त्याच रेघेपर्यंत दाबा, कारण सैल भरलेली माती त्याच ओलीला कोरडी दिसते. सेन्सर रेघेपर्यंत खोचा, दोन मिनिटं थांबा, दहा आकडे घ्या, सरासरी काढा. आलेख कागदावर पाच ठिपके मांडून हाताने वळण काढा. सहा सेन्सरांचे सहा आलेख वेगळे येतील. ते यायलाच हवेत, प्रत्येक सेन्सरवर गटाचं नाव लिहून ठेवा.

शेतात गेल्यावरची गंमत अशी. काळी माती वाळली की भेगाळते. सेन्सर भेगेशेजारी खोचला तर पट्टीला माती टेकतच नाही, मधे हवा राहते, आणि खाली ओल असूनही तो ठणठणीत कोरडं सांगतो. पातळ लाकडी पट्टीने आधी खाच करा, सेन्सर घाला, दोन्ही बाजूंनी माती दाबा. ठिबकच्या तोटीपासूनचं अंतर ठरवून घ्या, म्हणजे सगळ्या गटांचं मोजमाप एकाच अंतरावर.

आणि मुलं विचारतीलच: २० टक्के ओल आहे तर कपाशी का माना टाकते? भारी काळी माती पाणी कणांभोवती इतकं घट्ट धरते की खालच्या टक्क्यांतलं पाणी मुळांना ओढताच येत नाही. तापीकाठच्या वाळूमिश्रित पोयट्याला तेवढीच ओल भरपूर होते. म्हणून दोन मातींचे दोन तक्ते करा. सातपुड्याच्या पायथ्याची मुरमाड मिळाली तर तिसराही.

चोपड्याची_विज्ञानताई

खूप आभार दादा. एक सेन्सर आणून बरणीत लावून बघितला. कडांना लेप दिलाय. लॅपटॉपला जोडला की ४१२ येतात, बोर्ड तसाच ठेवून सेलवर लावला की ३९१. माती तीच, जागा तीच. सेन्सर खराब आहे का?

काळीमाती_शिरपूर

सेन्सर चांगला आहे, मोजपट्टी बदलतेय. बोर्ड स्वतःच्या ५ व्होल्टला १०२३ भाग मानून मोजतो. लॅपटॉपच्या यूएसबीवर ते '५' खरं तर ४.७५ वगैरे असतात, सेलवर गोल जॅकमधून आलं की पूर्ण ५. सेन्सरला आत स्वतःचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) असल्याने त्याचं उत्तर तेच राहतं. गणित करून बघा: ४१२ गुणिले ४.७५ भागिले ५, बरोबर ३९१. मल्टीमीटरने ५ व्होल्टच्या पिनवर दोन्ही वेळा मोजा आणि हेच गणित आठवीला फळ्यावर द्या.

सोपा उपाय: शेतात ज्यावर चालवणार त्याच सेलवर तक्ता बनवा. पक्का उपाय: बोर्डाची ३.३ व्होल्टची पिन एरेफ पिनला (बोर्ड ज्याच्या तुलनेत मोजतो त्या संदर्भ व्होल्टेजची पिन) जोडा आणि प्रोग्रॅममध्ये संदर्भ 'एक्स्टर्नल' करा. पण क्रम पाळा. आधी ती ओळ असलेला प्रोग्रॅम चढवा, मग वायर जोडा. उलटं झालं तर चिप जळू शकते. यानंतर सगळे आकडे वाढतील, तक्ता नव्याने करावा लागेल.

पुढे छोटा पंप लावायचा झाला तर तो बोर्डाच्या पिनवर थेट लावू नका. पिन २० मिलिअँपियरची, पंप शंभर-दोनशे ओढतो. रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच) घ्या, पंपाला वेगळे सेल द्या. एकाच सेलवर दोन्ही ठेवले की पंप सुरू होताना व्होल्टेज पडतं, बोर्ड रीसेट होतो, पंप बंद पडतो, परत सुरू होतो… असा भोवरा.

फुलपाखरू_नंदुरबार

कॅमेऱ्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. विकत घेऊ नका मॅडम. प्रयोगशाळेतल्या रिटॉर्ट स्टँडच्या क्लॅम्पमध्ये फडकं गुंडाळून मोबाईल आडवा धरा, कॅमेरा खाली.

टाइप-सी ते एचडीएमआय ॲडॅप्टर घेण्याआधी खात्री करा. कमी किमतीच्या बहुतेक फोनांत टाइप-सी भोक असतं, पण त्यातून चित्र बाहेर येत नाही, कितीही महाग ॲडॅप्टर लावा. त्यापेक्षा फोन यूएसबीने लॅपटॉपला आणि लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला. 'एससीआरसीपीवाय' (scrcpy) नावाचं फुकट सॉफ्टवेअर फोनचा पडदा लॅपटॉपवर दाखवतं, इंटरनेट लागत नाही. फोनच्या डेव्हलपर ऑप्शनमध्ये यूएसबी डीबगिंग चालू करावं लागतं. तास संपला की ते बंद करा.

फोन खाली तोंड करून असला की चित्र आपोआप गरगर फिरतं. ऑटो-रोटेट बंद ठेवा. हात मध्ये आला की फोकस सुटतो, म्हणून पडद्यावर बोट दाबून फोकस लॉक करा. स्वस्त वेबकॅम घ्यायचा मोह झाला तर ऑटोफोकस आहे का ते बघा. फिक्स फोकसवाला जवळची वस्तू धूसरच दाखवतो.

आणि उरलेल्या पैशांतून एक फोल्डस्कोप जरूर घ्या. कागदाचा घडीचा सूक्ष्मदर्शक, स्टॅनफर्डमध्ये मनु प्रकाश यांच्या गटाने बनवलेला, साधारण १४० पट मोठं दाखवतो आणि लोहचुंबकाने फोनच्या कॅमेऱ्याला चिकटतो. कापसाचा एक तंतू पाण्याच्या थेंबात ठेवा: पीळ पडलेली चपटी फीत दिसते. शेजारी पॉलिएस्टरचा धागा ठेवला तर तो काचेच्या कांडीसारखा सरळ. मग कच्च्या केळ्याचा गर सुईच्या टोकावर येईल एवढाच, पातळ पसरून त्यावर सौम्य आयोडीन. पेशींतले स्टार्चचे कण निळे-काळे होतात. पिकलेल्या केळ्यात ते फार थोडे उरतात, बाकीच्याची साखर झालेली असते. गर जास्त घेतला की नुसता काळा डाग दिसतो, ही नेहमीची चूक.

हिशेबवही_धुळे

कागदपत्रांचं थोडक्यात. समग्र शिक्षाच्या निकषात ३१ ते १०० पटाच्या शाळेला २५ हजारांचं संयुक्त अनुदान असतं, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेसाठी. त्यातून घेणार असाल तर आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव. बिलावर 'इलेक्ट्रॉनिक साहित्य, एक संच' अशी एकच ओळ लिहून घेऊ नका. बोर्ड, मीटर, काटा जडसंग्रह (डेडस्टॉक) नोंदवहीत जातील. एलईडी, रेझिस्टर, वायरी, सेल संपणाऱ्या साहित्यात. सगळं एका ओळीत असेल तर तुटलेल्या प्रत्येक एलईडीचा हिशेब डेडस्टॉकला द्यावा लागतो.

सोल्डरवाला_भुसावळ

एक राहिलंच. उन्हाळी सुटीआधी प्रत्येक होल्डरमधून सेल काढा. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेले सेल पाझरतात आणि होल्डरच्या स्प्रिंगा हिरव्या होतात. जंपर वायरी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत नको. उंदीर सोडत नाहीत.