अमेरिका पुरुषांच्या फुटबॉलमध्ये मागं कामून?

परभणी_राईटबॅक: राम राम मंडळी. एक प्रश्न लै दिवसापासून डोक्यात घोळायलाय. अमेरिकेकडं पैसा हाय, ३३ कोटींच्या वर माणूस हाय, ऑलिम्पिकला पोत्यानं मेडल नेतेत, मग पुरुषांच्या फुटबॉलमध्येच घोडं कुठं अडतंय? २०१७ ला त्रिनिदाद अँड टोबॅगोकडून २-१ हरले अन २०१८ चा वर्ल्डकप टीव्हीवर बघत बसले, त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या आपल्या परभणी जिल्ह्याहून कमी. २०२४ ची कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची मोठी स्पर्धा, बाहेरच्या टीमांना बी बोलावतेत) तर घरच्या मैदानावर, तिथं पनामाकडून हरून ग्रुपमधूनच बाहेर. कोणालाबी विचारा, एकच उत्तर, "तिथले दमदार पोरं बास्केटबॉल अन एनएफएलला (त्यांच्या धक्काबुक्कीच्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगला) जातेत." मला काय पटत नाही.

लातूरकर_१०: भाऊ, ते कारण अगदीच खोटं नाही पण ते सांगून लोक मोकळे होतेत. क्रोएशिया ४० लाखाचा देश, २०१८ ची फायनल खेळला. अन एवढ्याशा उंचीच्या मेस्सीला एनएफएलवाल्यांनी दारात तरी उभं केलं असतं का? खरी गोम फीची हाय. तिथं पोरगं जरा बरं खेळायलं की बापानं क्लबची फी भरायची, वर्षाला हजारो डॉलर, वर किट, वर दुसऱ्या राज्यातल्या टुर्नामेंटचा प्रवास अन हॉटेल. आपल्याकडं नीटच्या क्लासेसचं जसं, ज्याच्या बापाचं सोयाबीन बरं निघालं त्याचं पोरगं लातूरला रूम करून राहतंय, बाकीच्यांची हुशारी गावातच. एमएलएस (तिथली सगळ्यात वरची फुटबॉल लीग) क्लबांच्या अकॅडम्या आता बहुतेक फुकट हायत म्हणा, पण क्लब तीस अन देश केवढा.

संभाजीनगर_ऑफसाइड: दादा बरोबर बोलले, पण फी कामून घ्यावी लागते ते बी बघा. फिफाचा नियम असा हाय की खेळाडू पैसे देऊन एका देशातून दुसऱ्या देशातल्या क्लबला गेला की त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटायचे, म्हणून युरोपातला लहानसा क्लब बी गरिबाचं पोरगं फुकट खेळवतो, उद्या ते विकलं गेलं की क्लबचं दोन वर्षाचं भागतं. अमेरिकेत हेच कितीतरी वर्षं लागू होऊ दिलं नाही, तिथलं फुटबॉल फेडरेशन म्हणायचं आमच्या कायद्यात बसत नाही. डिआंद्रे येडलिन हा अमेरिकेचा खेळाडू २०१४ ला इंग्लंडच्या टॉटनहॅम क्लबनं घेतला, त्याला लहानपणी खेळवलेल्या क्रॉसफायर क्लबनं हिस्सा मागितला तर भांडण फिफापर्यंत गेलं. आता सांगा, पोरगं घडवून हातात काहीच पडणार नसंल तर क्लब बापाच्या खिशातूनच काढणार ना. वर एमएलएसमधून कोणी खालच्या लीगमध्ये घसरत नाही, शेवटचा नंबर आला तरी पुढच्या वर्षी तिथंच. मग १८ वर्षाच्या पोराला उतरवायची घाई कोणाला? अमेरिकेचा स्टार पुलिसिक १६ व्या वर्षी जर्मनीच्या डॉर्टमुंड क्लबला गेला ते बी आजोबामुळं क्रोएशियाचा पासपोर्ट मिळाला म्हणून, नाहीतर फिफाच्या नियमानं १८ पर्यंत थांबावं लागलं असतं.

परभणी_राईटबॅक: हे ५ टक्क्याचं म्हाईतच नव्हतं राव. पण मग त्यांच्या बायकांची टीम कशी काय जिंकती? फी तर पोरींना बी हाय की.

नांदेड_लेफ्टविंग: ताईची एन्ट्री 😄 पोरींचं गणित येगळं हाय. १९७२ ला टायटल नाईन कायदा आला, शाळा-कॉलेजात पोरींना खेळात बी बरोबरीची संधी द्या म्हणून, त्यामुळं स्कॉलरशिपा आल्या, टीमा उभ्या राहिल्या. अन तेव्हा बाकीचे काय करायलते? इंग्लंडच्या एफएनं (तिथल्या फुटबॉल संघटनेनं) १९२१ ला बायकांना आपल्या क्लबांच्या मैदानावर खेळायला बंदी घातली ती जवळपास ५० वर्षं. मग अमेरिकेच्या पोरींनी १९९१, १९९९, २०१५, २०१९ असे चार वर्ल्डकप नेले. आता युरोपातले मोठे क्लब पोरींना बी लहानपणापासून घडवायलेत, तर २०२३ ला अमेरिका प्री-क्वार्टरलाच स्वीडनकडून पेनल्टीवर गेली अन कप स्पेननं नेला. २०२४ ला ऑलिम्पिक गोल्ड परत आणलं, पण पूर्वीसारखं एकहाती राहिलं नाही. दुखणं तेच हाय, पोरांना आधी झालं अन पोरींना आता व्हायलंय.