अनुभव धागा: छापून आलेल्या ओळीमागची माणसं

परवा एका लग्नात शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त वृत्तसंपादक बसले होते. पंगतीला वेळ होता म्हणून विचारलं, "इतक्या वर्षांत सगळ्यात अवघड काय वाटलं?" मला वाटलं आणीबाणी म्हणतील, नाहीतर दंगल. ते म्हणाले, "दोन कॉलमी बातमी कापून सिंगल कॉलमात बसवणं. तीही लिहिणारा समोर उभा असताना."

लेखक-पत्रकारांच्या छापील मुलाखतींत प्रेरणा असते, बालपण असतं, वाचनाचे संस्कार असतात. मानधन किती मिळालं, कोणी खोडलं, झोप कधी लागायची, हे मात्र पंगतीतच कळतं. तुमच्या घरात, ओळखीत, प्रवासात असं कोणी भेटलं असेल तर त्या गप्पा इथे लिहा. नावं नकोत. उपदेशही नको, प्रसंग सांगा.

लातूरहून

माझे मामा रात्रपाळीचे उपसंपादक होते. त्यांना किल्लारीच्या भूकंपाबद्दल विचारायला मला वीस वर्षं लागली.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाचे फोटो उशिरा आले, पान एकदाचं छपाईला सुटलं आणि मामा घरी येऊन आडवे झाले. भूकंप झाला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. अंक तोवर छापून गाड्यांत चढले होते. म्हणजे ३० तारखेला सकाळी जिल्ह्यातली माणसं रस्त्यावर बसली होती आणि वाटला जात होता तो पेपर गुलाल-लेझीमचा. मामांनी तो अंक अजून ठेवलाय. मी म्हटलं, "यात तुमची काय चूक?" ते म्हणाले, "चूक नाही. पण तो अंक टाकवत नाही."

दुसऱ्या रात्री भांडण झालं ते आकड्यावरून. वार्ताहर फोनवर वेगवेगळे आकडे सांगत होते, कोणी पाचशे, कोणी पाच हजार. शीर्षकात आकडा हवा असं सगळ्यांचं म्हणणं. मुख्य उपसंपादक अडून बसले: शीर्षकात गावांची नावं जातील, आकडा बातमीच्या आत, आणि तोही कोणी सांगितला ते लिहून. पुढे मृतांची संख्या साडेसात हजारांच्या वर गेली. मामा म्हणतात, त्या रात्री कोणताही आकडा छापला असता तरी तो खोटाच ठरला असता. बातमी लिहायला कुठे शिकलात, या प्रश्नाला त्यांचं उत्तर ही रात्र आहे.

सोलापूर, मुद्रितशोधकांची सून

सासरे खिळे जुळवून छपाई व्हायची त्या काळातले. प्रूफ आलं की आधी आकडे तपासायचे, मग माणसांची नावं, मग गावं, आणि मजकूर सगळ्यात शेवटी. "मजकुरातली चूक वाचक माफ करतो. नावातली चूक घरी भांडायला येते."

त्यांच्या हातून सुटलेली एकच चूक ते सांगतात. सप्टेंबरच्या पुरवणीवर मोठ्या टायपात 'शिक्षक दिन'चं 'शिक्षक दीन' झालं होतं. दुसऱ्या दिवशी एका शाळेतून पत्र आलं: दुरुस्ती छापू नये, आहे तेच बरोबर आहे.

विदर्भातून (जरा लांब होईल, माफ करा)

माझे बाबा १९८६ पासून आमच्या तालुक्याचे वार्ताहर. पगार कधीच नव्हता. टपाल-फोनच्या खर्चापोटी थोडे पैसे आणि जाहिरातीवर कमिशन. घर चालायचं किराणा दुकानावर. बातमी दुकानातल्याच वहीच्या पाठकोऱ्या कागदावर, समास सोडून. पाकिटावर लाल शाईने 'तातडीची बातमी' लिहायचं आणि जिल्ह्याला जाणाऱ्या शेवटच्या एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायचं. कंडक्टर सुटीवर असला की बातमीही सुटीवर. पुढे फॅक्स आला, त्याचं बिल गल्ल्यातून.

मागच्या दिवाळीत दुकानाच्या ओट्यावर बसून मी पहिल्यांदा नीट विचारलं, "भीती नाही वाटायची?"

"भीतीपेक्षा अवघडल्यासारखं व्हायचं. ज्याच्या टँकरच्या खोट्या खेपांची बातमी लावली, तोच सकाळी साखर न्यायला आपल्या दुकानात. मुंबईच्या पत्रकाराला हे नसतं."

"मग काय करायचात?"

"साखर द्यायचो. वजन करताना तो काट्याकडे बघायचा, मी त्याच्याकडे."

त्यांना सगळ्यात जड गेलं ते जाहिरातीचं टार्गेट. वर्धापनदिनाची पुरवणी आली की ज्यांच्याविरुद्ध वर्षभर लिहिलं त्यांच्याच दारात शुभेच्छांची जाहिरात मागायला जायचं. काही जण चहा पाजून आधी बाबांच्याच बातम्यांची कात्रणं पुढे ठेवायचे आणि मग चेक लिहायचे. एकाने तर चेक लिहिला, सही करायच्या आधी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "ती नळयोजनेची बातमी पुढे चालवणार आहात का?" बाबा चहा अर्धा टाकून उठले. त्या वर्षी पुरवणीत आमच्या तालुक्याचं अर्धंच पान लागलं आणि पेपरच्या जिल्हा कचेरीतून बोलणी बसली ती वेगळीच.

आता अडचण सांगतो. ज्येष्ठ पत्रकारांसाठी शासनाची सन्मान योजना आहे, बाळशास्त्री जांभेकरांच्या नावाची. योजना निघाली तेव्हा अट होती वयाची साठ वर्षं पूर्ण आणि तीस वर्षांचा अनुभव. बाबांचं दोन्ही भरतं. पण पुरावा? नियुक्तीपत्र कधी दिलंच नाही. कात्रणं म्हणाल तर दोन ट्रंका भरून आहेत, पण प्रत्येकावर 'वार्ताहर' नाहीतर 'आमच्या वार्ताहराकडून'. नाव एकावरही नाही. तीस वर्षं लिहिलं, आणि लिहिणारा कोण ते कुठेच छापलेलं नाही. कोणाला काही मार्ग माहीत असेल तर सांगा.

धागा सुरू करणारी

मार्ग मला माहीत नाही, इथे कोणी सांगेल. जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं तेव्हा ते विशीच्या आसपास होते, आणि १८४६ मध्ये गेले ते चौतिशीत. साठीची अट त्यांना स्वतःलाच पुरी करता आली नसती. असो, हा वायफळ विचार.

पुणे, रेडिओवाल्यांच्या शेजारी राहिलेला

आमच्या वाड्यात आकाशवाणीच्या वृत्तविभागात काम करणारे एक काका होते. सकाळी सात वाजून पाच मिनिटांचं बातमीपत्र लागलं की अख्खा वाडा गप्प, आणि काका ड्यूटीवर नसले की सगळ्यात गप्प तेच. डोळे मिटून ओठ हलवत ऐकायचे.

मी पत्रकारितेला प्रवेश घेतला तेव्हा त्यांनी एक कागद दिला, म्हणाले मोठ्याने वाच. वाक्य होतं: 'तालुक्यात चार चारा छावण्या सुरू.' मी अडखळलो. लिपीत च एकच, तोंडात दोन. चारचा वेगळा, चाऱ्याचा वेगळा, आणि हे दोघे शेजारी आले की जीभ घसरते. "हे आता असं लिही की निवेदक घसरणार नाही." मी 'चाऱ्यासाठी चार छावण्या' केलं. त्यांनी तेही खोडलं आणि लिहिलं, 'तालुक्यात जनावरांसाठी चार छावण्या'. चारा गेलाच. "छावणीत जनावरांना काय देणार, बासुंदी?"

माझं सगळं पत्रकारितेचं शिक्षण त्या एका कागदावर झालं. पदवी मिळाली, ती वेगळी गोष्ट.

डोंबिवली

आत्या दिवाळी अंकांत कथा लिहायची. मराठीत ही प्रथा 'मनोरंजन' मासिकाने १९०९ मध्ये सुरू केली, तेव्हापासून समस्त लेखकांचा आषाढ बिघडलेला आहे, असं तिचं म्हणणं. कथा जून-जुलैत मागतात. बाहेर धो धो पाऊस, भिंतींना ओल, आणि ही फराळाचा वास लिहितेय. मानधनाचा चेक संक्रांतीनंतर, आलाच तर.

तिला विचारलं होतं, कथेची लांबी कशी ठरवतेस? "मी नाही ठरवत. साबणाची जाहिरात आली की माझं एक पान जातं." एकदा शेवटचाच परिच्छेद गेला. तिने संपादकांना फोन लावला, तर ते म्हणाले, त्याशिवाय कथा बरी वाटते. महिनाभर ती त्यांच्याशी बोलली नाही. पुढे संग्रह निघाला तेव्हा तिने तो परिच्छेद परत घातला नाही.

मडगावहून

आमच्याकडे एक जुने पत्रकार होते, आता नाहीत. गोव्याच्या १९६७ च्या जनमत कौलाच्या गोष्टी त्यांच्या तोंडून ऐकल्या. मतपत्रिकेवर फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा संघप्रदेश. बाहेरच्यांना वाटतं मराठी पेपर म्हणजे फुलाच्या बाजूचा. पण विलीनीकरणाविरुद्ध ज्या 'राष्ट्रमत'ने रान उठवलं तो मराठीच दैनिक होता, आणि उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे गाजलेलं सदर त्याच पेपरात. निकाल ३४,०२१ मतांच्या फरकाने पानांच्या बाजूने लागला.

मी विचारलं, तुम्ही कोणाच्या बाजूने होतात? म्हणाले, "घरात भाऊ फुलाचा, मी पानांचा. आई दोघांना एकाच ताटात वाढायची, म्हणजे बोलावं लागेल." त्यांना भाऊ डोळ्यांसमोर धरून लिहायची सवय लागली ती तेव्हापासून. भावाला पटलं नाही तरी चालेल, तो हसता कामा नये.

नाशिक

माझी मैत्रीण एका वेबसाइटसाठी लिहिते. विचारलं, हेडिंगं अशी का गं, 'पाहून थक्क व्हाल' छापाची? म्हणाली, दिवसाला चौदा बातम्या टाकायच्या असतात, थक्क व्हायलाही वेळ नाही. एवढंच.

छत्रपती संभाजीनगर, पूर्वी पेपरच्या डेस्कवर

विदर्भातल्या त्या मुलासाठी लिहितोय. बातमीवर नाव शोधू नका, मिळणार नाही. निधन वार्ता बघा. वार्ताहराच्या घरात कोणी गेलं की आम्ही जिल्हा पानावर छोटी बातमी लावायचो आणि त्यात 'आमचे वार्ताहर' म्हणून त्यांचं पूर्ण नाव यायचं. लग्न-मुंजींतही. मान्य होईल की नाही ते सांगता येत नाही, पण नाव आणि काम एकत्र छापलेलं असं तेवढंच असतं.

विदर्भातून, पुन्हा

सापडलं. दोन रात्री ट्रंका उपसल्या. १९९४, पान पाच, खालच्या कोपऱ्यात, माझ्या आजीच्या निधनाची बातमी. शेवटची ओळ: 'या दैनिकाचे तालुका वार्ताहर' आणि पुढे बाबांचं पूर्ण नाव, 'यांच्या त्या मातोश्री होत.' झेरॉक्स काढून फाइलला लावलीय, चालते का बघू.

बाबांना कात्रण दाखवलं. चष्मा लावून त्यांनी ओळी मोजल्या. म्हणाले, "मी तेरा पाठवल्या होत्या. बारा लागल्यात." मग बराच वेळ आठवत बसले, कोणती ओळ गेली ते.