गिटारच्या जुन्या तारांचे दागिने करून कॅन्सरच्या कामाला पैसे द्यायचेत, कुठली तार अंगावर चालते?

पंचम_७

नमस्कार मंडळी. मी गिटार शिकवते त्यामुळे घरात जुन्या तारांची भेंडोळी साठलीयेत, स्वतःच्या आणि विद्यार्थ्यांच्या, टाकवत नाहीत आणि ठेवायला जागा नाही. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण बेस गिटार वाजवते, तिची ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट झाली, त्यानंतर तिच्याच बेसच्या जुन्या तारेचं एक ब्रेसलेट करून दिलं तर ती ते हातातून काढेचना. मग बाकीचेही मागायला लागले. आता आम्ही सगळ्यांनी ठरवलंय की ब्रेसलेट, कानातले, पेंडंट असं नीट करून विकायचं आणि पैसे कॅन्सर पेशंटसाठी काम करणाऱ्या संस्थेला द्यायचे.

तर प्रश्न असे आहेत. एक तर कुठल्या तारा अंगावर चालतात, कारण एकीच्या कानाला लगेच खाज सुटली. दुसरं, तारेची टोकं टोचतात त्याचं काय करायचं. आणि पैशांचं कसं करतात, "नफ्यातून मदत" असं टॅगवर लिहिलं तर पुरतं का? ज्यांनी असं काही केलंय किंवा ज्यांना यातलं कळतं त्यांनी प्लीज मनमोकळं लिहा, चुकतंय तिथे सांगा.

खर्ज

फार चांगलं काम काढलंय. मी वाद्यदुरुस्ती करतो त्यामुळे तारांबद्दल सांगू शकतो.

खाज सुटली ती बहुतेक निकेलमुळे. इलेक्ट्रिक गिटारच्या जाड तारा म्हणजे आत स्टील आणि वरून निकेलचा मुलामा दिलेल्या स्टीलच्या तारेचा वेढा, काहींवर तर वेढा पूर्ण निकेलचाच असतो. बेसच्या बऱ्याच तारा पण तशाच. घामाने निकेल सुटतं आणि ज्याला ॲलर्जी आहे त्याला पुरळ येतं. युरोपात १९९४ पासून यावर कायदा आहे, आत्ताची मर्यादा अशी की कायम अंगाला लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटायला नको आणि टोचलेल्या कानात जाणाऱ्या भागासाठी ०.२. घरी तपासायचं तर निकेल टेस्टचं किट मिळतं, कापसाच्या बोळ्यावर थेंब टाकून घासायचं, गुलाबी झालं तर निकेल सुटतंय. कानात जाणारी कडी जुन्या तारेची करूच नका, ती टायटॅनियमची किंवा नायोबियमची नवी घ्या आणि तार फक्त खाली लोंबणाऱ्या भागात वापरा.

अकूस्टिक, म्हणजे विजेशिवायच्या साध्या गिटारच्या तारा त्यामानाने बऱ्या. फॉस्फर ब्राँझ म्हणजे साधारण ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथील, आणि ज्याला ८०/२० ब्राँझ म्हणतात ते खरं तर ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त, म्हणजे पितळच. रंग सुरेख, सोनेरी. त्वचेवर हिरवट डाग पडू शकतो पण तो तांब्याचा असतो, साबणाने धुतला की जातो. वेढा नसलेल्या बारीक तारा कथलाचा मुलामा दिलेल्या हाय कार्बन स्टीलच्या, मुलामा उडाला की गंजतात. क्लासिकल गिटारच्या खर्जाच्या तारा आत नायलॉनचे धागे आणि वर चांदीचा मुलामा दिलेलं तांबं, अगदी मऊ, नाजूक कामाला छान. गंज चढलेली तार मात्र सरळ भंगारात टाका, पॉलिश करून काही होत नाही.

कापताना दोन गोष्टी. तार आधी पूर्ण सैल करा आणि डोळ्यावर गॉगल हवाच, टोक कुठे उडेल सांगता येत नाही. आणि दागिन्यांचा नाजूक कटर वापरू नका, या स्टीलने त्याची धार जाते, कडक तारेचा कटर वेगळा ठेवा. वेढ्याची तार कापली की वेढा सुटायला लागतो म्हणून कापायच्या आधी दोन्ही बाजूंना घट्ट धरायचं, मग कानशीने टोक गोल करून टोपी बसवायची, आत इपॉक्सीचा थेंब, दाबून बंद. नुसतं वळवून ठेवलेलं टोक आज ना उद्या बाहेर येतंच. आणि काही कोटेड तारांवर टेफ्लॉनच्या जातीचा थर असतो, त्याला गॅसच्या टॉर्चची आच अजिबात दाखवायची नाही, धूर विषारी.

तारेच्या टोकाचे ते पितळी बॉल पण टाकू नका हां. एका मोठ्या कंपनीच्या सेटमध्ये ते प्रत्येक तारेला वेगळ्या रंगाचे असतात, लाल, काळा, हिरवा, जांभळा, मणी म्हणून मस्त दिसतात. तबल्याचे जुने गट्टे मिळाले तर तेही बघा, लाकूड इतकं घासलेलं असतं की नुसतं भोक पाडलं तरी पेंडंट होतं.

निळी_छत्री

मी स्वतः या ट्रीटमेंटमधून गेलेय म्हणून पेशंटच्या बाजूने लिहिते, कारण तुमच्या गिऱ्हाइकांत आमच्यासारखे बरेच असणार.

काखेतल्या लिम्फ नोड्स काढल्या असतील तर त्या बाजूचा हात सुजू शकतो, पुढे कधीही, म्हणून त्या हातात घट्ट बांगडी, अंगठी, घड्याळ काही घालू नका असं सांगतात. तेव्हा ठरावीक मापाचं कडक ब्रेसलेट न करता सैल-घट्ट करता येईल असं करा आणि सोबतच्या कार्डावर हे दोन ओळींत लिहा. पंचमताई, मैत्रिणीने कुठल्या हातात घातलंय तेवढं विचारून घ्या प्लीज.

टोकांबद्दल खर्ज यांनी लिहिलंय ते माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. केमोमध्ये पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, साधा ओरखडासुद्धा महागात पडू शकतो. शिवाय केमोने बोटं बधिर होतात, तो बारीक हूक मला महिनोन्महिने लावता येत नव्हता, दरवेळी कुणाला तरी हाक मारायची आणि त्याचं फार वाईट वाटायचं. मोठी कडी आणि त्यात अडकणारी दांडी असं करा, एका हाताने जमतं. लोहचुंबकाचा हूक सोपा असतो पण पेसमेकर असलेल्यांना तो चालेलच असं नाही, तसं लिहून ठेवा. ज्यांच्या कॉलरबोनखाली पोर्ट, म्हणजे औषध द्यायची छोटी डबी कातडीखाली बसवलीय त्यांना लांब जड पेंडंट घासतं, आखूड आणि हलकं बरं. आणि स्टीलची तार चुंबकाला ओढली जाते, एमआरआयच्या आधी काढायलाच लागते, त्यामुळे पटकन निघेल असं हवं.

एक मनापासून सांगते, टॅगवर "योद्धा", "झुंज" असलं काही लिहू नका. काहींना आवडतं, मला तेव्हा ते वाचून थकायला व्हायचं. ही तार कुठल्या वाद्याची, कोण वाजवायचं, एवढं लिहिलंत तरी ती वस्तू जवळची वाटते.

जमाखर्च

पैशांबद्दल मी लिहितो, एका छोट्या संस्थेचे हिशेब बघतो.

"नफ्यातून मदत" लिहू नका. नफा म्हणजे खर्च वजा जाता उरलेलं, आणि तो खर्च तुम्हीच ठरवणार, उद्या हूक, टोप्या, खोकी, कुरिअर धरून नफा शून्य निघाला तर संस्थेला काही मिळणार नाही आणि घेणाऱ्याला वाटत राहणार की आपण मदत केली. त्यापेक्षा प्रत्येक नगामागे अमुक एवढी रक्कम अमुक संस्थेला, असं आकड्यात छापा. ज्यांना पूर्ण किंमत जायला हवी त्यांना थेट देणगी देऊ द्या आणि ब्रेसलेट भेट म्हणून द्या, हेही चालतं. संस्थेचं नाव किंवा लोगो वापरायच्या आधी त्यांची लेखी परवानगी घ्या, बहुतेक जण एका ईमेलवर देतात. आणि पैसे भरल्याची पावती सगळ्यांना दिसेल अशी टाका.

गुलाबी रिबीन लावायचा मोह होईल म्हणून जरा इतिहास सांगतो. अमेरिकेत शार्लट हेली नावाच्या बाई ९०च्या सुरुवातीला घरी बसून पीच रंगाच्या रिबिनी करायच्या आणि सोबत कार्ड द्यायच्या की कॅन्सर संशोधनाच्या सरकारी बजेटमधला फक्त ५ टक्के पैसा प्रतिबंधावर जातो, याबद्दल आवाज उठवा. १९९२ मध्ये सेल्फ मासिक आणि एस्टी लॉडर कंपनीला ती रिबीन हवी होती, हेली बाईंनी फार व्यापारी वाटतंय म्हणून नकार दिला, मग त्यांनी रंग बदलून गुलाबी केली. पुढे कशावरही गुलाबी रिबीन दिसायला लागली तेव्हा २००२ मध्ये ब्रेस्ट कॅन्सर ॲक्शन या संघटनेने लोकांना विचारायला शिकवलं की यातले किती पैसे जातात, कुणाला जातात आणि कशासाठी. तुमच्या टॅगवर या तिन्हींची उत्तरं असली की रिबिनीची गरज नाही.

"कशासाठी" हे पण नीट ठरवा. संशोधनाला देणं वेगळं आणि पेशंटच्या राहण्या-जाण्याला, विगला, त्यांच्या पोरांना सांभाळायला देणं वेगळं. माझं मत विचाराल तर छोटी रक्कम दुसऱ्या कामात जास्त दिसते.

सुई_आणि_खाच

रेकॉर्ड्सचं पण करायचा विचार असेल तर थांबा. तबकडी पीव्हीसीची असते, गरम पाण्यात मऊ होते आणि वळवता येते तोवर ठीक, पण लेझरने कापू नका, हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, फुप्फुसाला वाईट आणि मशीन पण गंजते. बारीक करवतीने मास्क लावून कापा. जुन्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या तबकड्या लाखेच्या, त्या फुटतात, त्यांच्या नादी लागू नका. आणि जुन्या पियानोच्या पट्ट्या कुणी दिल्या तर हस्तिदंत आहे का ते आधी बघा, आफ्रिकन हत्तीच्या दातावर आंतरराष्ट्रीय व्यापारबंदी आहे ती १९९० पासून, सेवेसाठी का असेना विकता येणार नाही.

पंचम_७

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. छत्रीताई, तिला फोन केला, ब्रेसलेट ऑपरेशनच्याच हातात होतं, आता दुसऱ्या हातात घातलंय आणि मी ते उघडून सैल करून देणार आहे. कानातल्यांसाठी टायटॅनियमच्या कड्या मागवते आणि निकेलच्या तारा किचेन आणि बुकमार्कसाठी वेगळ्या काढते. नगामागे रक्कम ठरवायला परवा सगळे भेटतोय, पेशंटच्या राहण्या-जाण्याकडे कल आहे.

खर्जदादा एकच राहिलं, फॉस्फर ब्राँझवर लॅकर मारू का तसंच सोडू?

खर्ज

तसंच सोडा. रोज घासलं जाऊन लॅकर जागोजागी उडतं आणि मग ठिपकेदार दिसतं. काळं पडलं तर मऊ कापडाने पुसायचं, कार्डावर तेवढं लिहा.