होम आवृत्तीच्या ऑफिसवर व्यवसायाची कामे करता येतात का?

प्रश्न : मी घरून भाषांतराची कामे करतो. संगणकावर मायक्रोसॉफ्ट ऑफिस होम अँड स्टुडंट २०१९ आहे. त्याच वर्डमध्ये ग्राहकांची कामे होतात आणि बिलेही त्याच एक्सेलमध्ये तयार होतात. सॉफ्टवेअर कधी अडवत नाही, तेव्हा हा वापर नियमात बसतो असे समजावे का?

उत्तर १ : तसे समजू नये. घरगुती आणि व्यावसायिक दोन्ही आवृत्त्यांत वर्ड आणि एक्सेल तेच असल्यामुळे सॉफ्टवेअर अडवणार नाही. फरक परवान्यात आहे. होम अँड स्टुडंटच्या अटींनुसार व्यावसायिक, ना-नफा किंवा उत्पन्न मिळवून देणाऱ्या कामांसाठी ते वापरता येत नाही. संगणक घरात आहे की कार्यालयात, हा प्रश्नच नाही. काम कशासाठी चालले आहे ते पाहिले जाते. ‘ना-नफा’ हा शब्द बहुतेकांच्या नजरेतून सुटतो आणि सेवाभावी संस्थेचे हिशेब निःशंक मनाने याच आवृत्तीत लिहिले जातात.

उत्तर २ : होम अँड बिझनेस २०१९ मध्ये फक्त आउटलुक हा ईमेलचा प्रोग्रॅम जास्त मिळतो, असे सांगितले जाते. ते अर्धवट आहे, कारण व्यावसायिक वापराचा हक्कही त्याच आवृत्तीबरोबर येतो. वर्गणीचा विचार असेल, तर मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिली घेऊन उपयोग नाही. त्यातील ६ जणांची सोय कुटुंबासाठी आहे, कर्मचाऱ्यांसाठी नव्हे. त्याऐवजी मायक्रोसॉफ्ट ३६५ बिझनेस स्टँडर्ड या व्यावसायिक वर्गणीत एका व्यक्तीला ५ संगणकांवर ऑफिस बसवता येते, आणि तुम्ही एकटेच असल्यामुळे तेवढे पुरेसे आहे.

उत्तर ३ : लिबरऑफिस या मोफत ऑफिस संचाचाही विचार करावा. मोझिला पब्लिक लायसन्स २.० या मुक्त परवान्याखाली मिळणाऱ्या या संचात घरगुती आणि व्यावसायिक असा भेदच नाही. मात्र गुंतागुंतीच्या वर्ड फायलींतील तक्ते आणि मांडणी कधीकधी हलते व एक्सेलचे मॅक्रो (कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली) सगळेच चालतील असे नाही. ग्राहकाला फाइल त्याच मांडणीत परत द्यायची असते, म्हणून आधी त्याच्या एखाद्या जुन्या फाइलवर प्रयोग करून पाहावा.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. एका ग्राहक कंपनीने मला तिच्या ३६५ बिझनेस खात्याचे लॉगिन दिले आहे. ते सगळ्याच कामांना वापरता येईल का?

उत्तर २ : त्या कंपनीच्या कामापुरते वापरावे. परवाना तिचा आहे आणि करार संपला की ती तो काढून घेऊ शकते. इतर ग्राहकांच्या कामासाठी स्वतःचा परवाना घ्यावा. होम अँड स्टुडंट मुलांच्या अभ्यासासाठी खुशाल राहू द्यावे.