निघण्याआधी टोचून घ्या

'नोकरीचा राजीनामा दिला, भाड्याची खोली सोडली, सामान बहिणीकडे टाकलं की निघायचं, बाकीचं वाटेत बघू' हे लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांचं म्हणणं बहुतांशी पटतं. पुढचे व्हिसा, मुक्काम वाटेत जमतात. पण मार्गात केनिया, युगांडा किंवा पेरू, ब्राझील असेल तर पीतज्वराची (यलो फीव्हर, डासांमुळे पसरणारा ताप) लस घरूनच घेऊन निघा. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य केंद्रातच मिळते, आणि लस घेतल्याचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतं. 2016 पासून ते आयुष्यभर चालतं, म्हणजे एकदाच काय ती धावपळ.

युगांडात शिरतानाच हे प्रमाणपत्र मागतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. परतीचं मात्र कोणी सांगत नाही. पीतज्वराचा धोका असलेल्या देशातून निघून 6 दिवसांच्या आत प्रमाणपत्राशिवाय भारतात उतरलात, तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात, 6 दिवसांपर्यंत. घरी कोणी अत्यवस्थ आहे म्हणून तडक परतणाऱ्याचं काय होईल, विचार करा! प्रमाणपत्राचं माझं पिवळं पुस्तक मी पासपोर्टच्याच कव्हरात ठेवते. त्यावरचा पासपोर्ट क्रमांक आणि केंद्राचा शिक्का टोचून घेताना तिथल्या तिथे तपासून घ्या.