अनुभव धागा: घरचे कुत्रे अंगणातल्या घरात ठेवावे का?

साताऱ्याजवळ आमचे बैठे घर बांधून होत आले आहे आणि दिवाळीच्या सुमारास आम्ही फ्लॅट सोडून तेथे राहायला जाणार आहोत. आमच्याबरोबर एक लॅब्राडोर कुत्री आहे, जी पिल्लू असल्यापासून दिवाणखान्यातच वाढली आहे. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे नव्या घरी कुत्रीसाठी अंगणात पक्के घर बांधावे असे त्यांना वाटते. गावाकडे कुत्रे नेहमी बाहेरच असायचे आणि धडधाकट असायचे, असे सासरे सांगतात. मुलांना मात्र ही कल्पनाच सहन होत नाही. प्रत्येकाचे म्हणणे मला मनापासून पटते, म्हणूनच निर्णय घेणे अवघड झाले आहे.

ज्यांनी कुत्रे खरोखर बाहेर ठेवले आहे किंवा ठेवून पाहून आत आणले आहे, त्यांनी आपला अनुभव येथे सविस्तर लिहावा, अशी विनंती आहे. आपल्याकडचे हवामान, कुत्र्याची जात, बांधकाम कसे केले, रात्री काय करता आणि आजारपणे कोणती आली, हे कळले तर फार मदत होईल. कायद्यापुरते एक नोंदवून ठेवते. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960च्या अधिनियमाच्या कलम 11 प्रमाणे प्राण्याला अवाजवी काळ, अवाजवी आखूड किंवा जड साखळीने बांधून ठेवणे ही क्रूरता ठरते, आणि नेहमी बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हाही मालकाचा गुन्हा ठरतो. त्यामुळे दिवसरात्र साखळीला बांधण्याचा पर्याय आमच्या विचारातच नाही.

राजापूर तालुका, रत्नागिरी

आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या गावठी कुत्री आहेत आणि त्यांचा मुक्काम पडवीत असतो. मुंबईहून आलेल्या भावाने हौसेने खळ्याच्या कडेला जांभ्या दगडाचे छोटे घर बांधले, वर मंगलोरी कौले घातली, आणि ते दिसायला फार सुरेख झाले. आगोट लागली तेव्हा त्यातल्या दोन अडचणी कळल्या. घराचे तोंड पश्चिमेला होते आणि आमच्याकडचा पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो, त्यामुळे आतली जमीन कधी सुकलीच नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर होती. जांभ्याला भोके असतात, आणि गोचिडीची मादी कुत्र्याचे रक्त पिऊन खाली पडली की अशाच फटीत शिरून हजारो अंडी घालते. कुत्र्याला कितीही औषध लावले तरी भिंतीतून नवी गोचीड येतच राहिली.

पुढे ते तोंड बुजवून पूर्वेला दार काढले, आतून सिमेंटचा गिलावा करून घोटून घेतला, जोते हातभर उंच केले आणि खाली फरशीऐवजी सुटी उचलता येणारी लाकडी फळी ठेवली. फळी दर आठवड्याला उन्हात टाकतो. आता कुत्रा दुपारी तेथे आपणहून झोपतो. झड लागली की मात्र पडवीतच येतो आणि त्याला तेथून कोणी उठवत नाही. पावसाळ्यात फुरसे, घोणस कोरड्या जागेच्या शोधात असतात, म्हणून कुत्र्याच्या घराभोवती लाकूडफाटा किंवा नारळाच्या सोडणांचा ढीग रचू नये, एवढे मी आग्रहाने सांगेन.

जुन्नर तालुका, पुणे

आमच्या भागात हा प्रश्न बिबट्याला वगळून विचारताच येत नाही. धरणांचे पाणी आले, ऊस वाढला, आणि उसात बिबट्याची मादी पिल्ले घालू लागली, हे येथील प्रत्येक वस्तीला माहीत आहे. माणिकडोहचे बिबट निवारण केंद्र आमच्याच तालुक्यात आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात संशोधकांनी बिबट्याच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हा त्याच्या खाण्यात पाळीव कुत्र्यांचा वाटा सर्वांत मोठा निघाला. आम्हाला त्याचे नवल वाटले नाही. शेळ्या रात्री गोठ्यात कोंडलेल्या असतात, कुत्रा मात्र राखणीसाठी मोकळा किंवा दारात बांधलेला असतो.

बांधलेल्या कुत्र्याची अवस्था सर्वांत वाईट, कारण त्याला पळता येत नाही आणि भुंकून तो आपली जागाच दाखवत राहतो. आमच्या वस्तीवरच्या एका घराने ओट्यासमोर साखळीला बांधलेला कुत्रा गमावला. आतली माणसे आवाजाने उठून दार उघडेपर्यंत साखळी तुटून गेली होती. त्यानंतर आम्ही आमच्या दोन कुत्र्यांसाठी रात्रीचा बंदिस्त पिंजरा बांधला. तो बांधताना जे शिकलो ते लिहितो. उभ्या गजांचा पिंजरा पुरेसा नाही, कारण गजांमधून पंजा आत जातो. गजांच्या आतल्या बाजूने वितीच्या अंतरावर बारीक चौकटीची वेल्डेड जाळी बसवावी, म्हणजे कुत्रा बाहेरच्या गजांपर्यंत पोहोचत नाही आणि पंजा कुत्र्यापर्यंत पोहोचत नाही. वरून छत पक्के हवे, पत्रा नुसता दगड ठेवून दाबलेला चालत नाही. दाराला दोन कड्या हव्यात. पिंजरा घराच्या भिंतीला लागून, दिव्याच्या उजेडात असावा, आणि उसाची कड, घाणेरीची झुडपे त्याच्यापासून जितकी लांब ठेवता येतील तितकी ठेवावीत.

धनगर बांधव कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट्या मान पकडतो. मेंढरांबरोबर फिरणाऱ्या कुत्र्याला तो उपयोगी आहे, पण त्याच्या भरवशावर घरचे कुत्रे रात्री बाहेर सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. राखण हवी असेल तर पिंजऱ्यात सुरक्षित असलेला कुत्राही उत्तम भुंकतो, आणि त्याच्या भुंकण्यात घाबरलेपण नसते हे आता ओळखू येते. साताऱ्याजवळही डोंगर आहेत. आपल्या घराच्या आसपास बिबट्याचा वावर आहे का, हे वनखात्याच्या माणसांना आणि शेजाऱ्यांना आधी विचारून घ्यावे.

नागपूर

विदर्भाच्या उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात कुत्रा ठेवणे म्हणजे त्याला भट्टीत ठेवणे होय. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि तोंडातल्या ओलाव्याच्या बाष्पीभवनाने शरीर थंड ठेवतो. भोवतालची हवाच तापलेली आणि कोंडलेली असेल तर ही सोय अपुरी पडते. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण 38 ते 39 अंश सेल्सिअस असते, आणि ते 41च्या वर गेले की जिवाला धोका असतो.

आमचा कुत्रा ऑक्टोबर ते फेब्रुवारी आनंदाने मागच्या अंगणातल्या घरात राहतो. मार्च सरत आला की त्याचा मुक्काम आत हलतो, आणि नवतपात तर तो कूलरच्या खोलीतून सकाळी लवकर आणि रात्रीच बाहेर पडतो. रात्र झाली म्हणजे बाहेर गार झाले असे समजू नये, कारण दिवसभर तापलेल्या स्लॅबची आणि फरशीची आच मध्यरात्रीपर्यंत निघत असते. उन्हाने कुत्रा लडखडू लागला, लाळ गाळू लागला, तर त्याला सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, पंखा लावावा आणि गार होत असतानाच डॉक्टरांकडे न्यावे.

मिरज, पशुवैद्यक, सेवानिवृत्त

वरील तिघांनी ऋतू आणि श्वापदे यांविषयी लिहिले ते सर्व बरोबर आहे. मी माझ्या टेबलावर आलेल्या कुत्र्यांवरून वेगळा मुद्दा मांडतो. बाहेर राहणारे कुत्रे आजारी जास्त पडते असे सरसकट म्हणता येणार नाही, पण ते आमच्याकडे उशिरा येते, हे मी खात्रीने सांगतो. घरात वावरणाऱ्या कुत्र्याने सकाळी भाकरी हुंगून सोडली की त्याच दिवशी घरच्यांच्या लक्षात येते. बाहेरच्या कुत्र्याची ताटली नंतर कावळे रिकामी करतात आणि कुत्रा जेवतो आहे असे सर्वजण धरून चालतात. गोचिडीतून होणाऱ्या बेबेसिया या रक्ताच्या आजारात हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, आणि त्यात दोनतीन दिवसांचा उशीर महाग पडतो. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, तो माणसांनाही होतो आणि त्याची लस कुत्र्याला दरवर्षी द्यावी लागते. रेबीजची लस तर कुठेही ठेवलेल्या कुत्र्याला चुकवून चालणारच नाही.

म्हणून बाहेर कुत्रे ठेवणाऱ्या प्रत्येक घराला मी एकच नियम सांगत आलो. रोज एकदा, ठरलेल्या माणसाने, कुत्र्याच्या सर्वांगावरून हात फिरवायचा. कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली पाहायचे, ओठ उचलून हिरड्या पाहायच्या. हे करणारा माणूस घरात नसेल तर कुत्रे बाहेर ठेवू नये.

जातीचाही विचार करावा. आमच्या सीमाभागातले कारवान आणि मुधोळ हे शिकारी कुत्रे काटक म्हणून ओळखले जातात, परंतु त्यांच्या अंगावर चरबी फार कमी आणि केस आखूड असतात, त्यामुळे डिसेंबरच्या रात्री उघड्या फरशीवर ते कुडकुडतात आणि कोपरांना घट्टे पडतात. त्यांना उंचावरची फळी आणि जाड गोणपाट लागतेच. लॅब्राडोरची गोष्ट निराळी. थंडी तो सोसेल, एकटेपणा त्याला फार जड जातो. माणसांच्या पायाशी वाढलेल्या या जातीच्या कुत्र्याला अचानक रात्री बाहेर काढले, तर तो दार खरवडतो, भुंकतो किंवा अंगावरची एकच जागा चाटून जखम करून घेतो.

श्टुटगार्ट, जर्मनी

येथे कुत्रे पाळण्याविषयी केंद्रीय नियमावलीच आहे आणि बाहेरच्या पिंजऱ्याची मापेही तीत लिहिलेली आहेत. खांद्यापाशी 50 सेंटिमीटरपर्यंत उंचीच्या कुत्र्याला किमान 6 चौरस मीटर, 50 ते 65 सेंटिमीटरला 8 आणि त्याहून उंच कुत्र्याला 10 चौरस मीटर मोकळी जागा द्यावी लागते. पिंजऱ्याची कोणतीही बाजू 2 मीटरपेक्षा कमी चालत नाही आणि निदान एका बाजूने कुत्र्याला बाहेरचे मोकळे दिसले पाहिजे. झोपण्याचे घर उष्णतारोधक असावे लागते, आणि ते गरम करण्याची सोय नसेल तर कुत्र्याच्या अंगच्या उबेने आतली हवा गरम राहील इतकेच मोठे असावे लागते. हा शेवटचा मुद्दा मला फार मोलाचा वाटला, कारण आपल्याकडे प्रेमापोटी ऐसपैस घर बांधतात आणि थंडीत ते गारठलेले राहते. लॅब्राडोरसाठी वरच्या हिशेबाने 8 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 86 चौरस फूट होतात. आपल्या कायद्यात असे माप लागू नसले तरी गवंड्याला सांगायला हा आकडा चांगला आहे.

सावंतवाडी

थोडक्यात लिहितो. आमची म्हातारी कुत्री आयुष्यभर अंगणात राहिली आणि तिला तेच आवडत असे. सांधे धरल्यावर मात्र ती संध्याकाळी उंबऱ्यापाशी येऊन उभी राहू लागली. आम्ही तिला माजघरात जागा दिली. वयाप्रमाणे व्यवस्था बदलायला हवी.

धागाकर्ती, सातारा

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. जुन्नरच्या दादांचा आणि डॉक्टरांचा प्रतिसाद मी घरी सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. स्वयंपाकघरामागच्या पूर्वेच्या ओट्याला लागून 90 चौरस फुटांची जाळीबंद जागा करावी, त्यात उंच जोत्याचे घर असावे, दिवसा कुत्रीने तेथे आणि अंगणात राहावे, आणि रात्री ती मागच्या खोलीत झोपावी, जिचे दार सासूबाईंच्या खोलीच्या बाजूला उघडत नाही, असे आता ठरते आहे. डॉक्टर, तिला या जागेची सवय कशी लावावी?

मिरज, पशुवैद्यक

व्यवस्था योग्य वाटते. दम्याला केसांइतकाच कुत्र्याच्या त्वचेचा कोंडा आणि लाळही कारण होऊ शकते, तेव्हा सासूबाईंच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, आणि कुत्रीचे अंथरूण घरातल्या इतर कपड्यांबरोबर धुऊ नये. राहायला गेल्यावर तिचे जुनेच अंथरूण त्या जागेत घालावे आणि दोन्ही वेळचे जेवण तेथेच, दार उघडे ठेवून, घरातले कोणीतरी शेजारी बसून द्यावे. ती आपणहून आत जाऊन पडू लागली की मग थोडा वेळ दार लावावे, आणि ती शांत असतानाच उघडावे. ती रडत असताना दार उघडले तर रडण्याने दार उघडते, असे ती शिकेल. दिवाळीचे फटाके पूर्ण थांबेपर्यंत ही सवय लावायला घेऊच नये, त्या दिवसांत तिला आतच ठेवावे. शिक्षा म्हणून तिला त्या जागेत कधीही कोंडू नये, हे मुलांनाही सांगून ठेवावे. पुढच्या जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस सुरू असतानाच छत्री घेऊन मागे जावे आणि फळीखाली हात घालून पाहावा. ओल लागली तर त्याच आठवड्यात छपराची पागोळी आणखी बाहेर घ्यावी.